धुऱ्यावरचं जांभळं लुगडं

कार्तिक सरत आला की आमच्या जानेफळच्या शिवारात वावरं साड्या नेसतात. हरभरा वीतभर झाला की नीलगाई, आमच्या भाषेत रोही, आणि रानडुकरं कोवळ्या शेंड्यांवर ताव मारायला येतात, म्हणून धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, काठ्या रोवायच्या आणि त्यांना घरातल्या जुन्या साड्या बांधायच्या. वाऱ्यानं साड्या फडफडल्या की जनावरं बिचकतात. पहिले आठ दिवस तरी बिचकतात, पुढे त्यांनाही सगळे रंग पाठ होतात.

गेल्या वर्षी हे कुंपण मी एकट्यानं केलं. लेकीला सातवा महिना लागला होता, म्हणून बायको आठ दिवस तिच्याकडे गेली होती. जाताना सांगून गेली, "पेटीत गाठोडं हाये, त्यातल्या साड्या घ्या." पेटीत गाठोडी निघाली दोन. 'प्रश्न नीट वाचा' म्हणून शाळेत तीस वर्षं पोरांवर ओरडलेला मी, दोन्ही उचलली आणि वावर नटवून मोकळा झालो.

बायको परत आली त्या संध्याकाळी जेवताना म्हणाली, "उद्या चार वाजता गोधडी शिवाले घेते. वरून मायचं जांभळं लुगडं लावते. पोरीचं लेकरू त्यातच निजंन."

 सासूबाईंना जाऊन दोन वर्षं झाली होती. उंद्रीला, बायकोच्या माहेरी, तिघी बहिणींनी आईचं एकेक लुगडं आठवण म्हणून वाटून घेतलं होतं, आमच्या वाट्याला आलेलं ते हे. आणि ते मी स्वतःच्या हातानं, गाठ पक्की मारून, धुऱ्याच्या वरच्या कोपऱ्यात बोरीजवळ बांधलं होतं.

बेत सोपा होता. दिवस उगवताना वावरात जायचं, लुगडं सोडायचं, चार वाजेपर्यंत धुऊन-वाळवून पेटीत. पायात चप्पल घालत होतो तेवढ्यात आतून आवाज आला.

"कुठं चालले?"

"फिराले."

"थांबा, मी बी येते."

आमच्या संसारात ही बाई माझ्याबरोबर कधी नुसती फिरायला आली नव्हती. बिनकामाचं चालणं साखर झालेल्या माणसांसाठी असतं, असं तिचं मत. त्याच दिवशी तिला हौस आली. नको म्हणावं तर काऊन म्हणून विचारणार. चोराच्या मनात चांदणं, तसा मी तिच्यापुढे चालू लागलो.

पांदणीच्या गाडीवाटेत दोन्ही बाजूंचं गवत वाळून पिवळं पडलं होतं, त्याची कुसळं पायजम्यात घुसत होती. कपाशीची पराटी फुटून पांढरी झाली होती. तूर फुलांनी लदबदलेली. थंडी अशी की नाकाचा शेंडा आपला वाटेना. मी ठरवलं, हिचं लक्ष वर ठेवायचं, म्हणजे धुऱ्याकडे जाणार नाही.

"तो पाहा, नीळकंठ!" मी तारेकडे बोट दाखवलं.

"त्याले दसऱ्याले दिसाले काय झालं होतं?" ती म्हणाली, पण थांबून पाहत राहिली. तो उडाला तेव्हा पंखांतली निळाई उन्हात झळकली आणि ती हसली.

पुढे मी वेडा राघू दाखवला, कोतवाल दाखवला, आणि एक पक्षी नाव माहीत नसताना दाखवला. "अवो, धोबी व्हय तो," ती म्हणाली. "शेपटी हालवून राह्यला न! तो आला म्हंजे थंडी आली." मग तीच मला दाखवू लागली. मातीत खुरांचे मोठे ठसे होते, त्यांच्या अगदी लगत लहान ठसे. "रोही गेली रात्री. संग पिल्लू होतं. ते मधातच थांबलं, मग पयत गेलं, हे पाहा." खरंच पुढचे ठसे लांब लांब पडले होते. मी इतकी वर्षं या पांदणीनं येतो-जातो, मला हे कधी वाचता आलं नाही. तिच्या शेजारी उकिडवा बसून मी ते पिल्लू पळताना पाहिलं, आणि लुगडं साफ विसरलो.

उठलो तर पायाखालून तितरांचा थवा भर्रकन उडाला. दोघंही दचकलो. मी तिचा हात धरला की तिनं माझा, ते सांगता येत नाही, पण पुष्कळ वेळ हसत होतो.

वावरात पोचल्यावर मला भान आलं. "विहिरीकडून जाऊ," मी म्हणालो. तेवढ्यात शेजारच्या पडीतातून हरणांचा कळप निघाला आणि थेट आमच्या वरच्या कोपऱ्याकडे धावला. एकेक हरीण कुंपणावरून उडी घेऊ लागलं. बायकोनं माझं कोपर दाबलं आणि लहान पोरीसारखी मोजू लागली, "चार... पाच... सहा..." शेवटचा काळवीट क्षणभर थबकला. मग उंच उडाला, नेमका बोरीजवळून, जांभळ्या कापडावरून.

सातवा तिनं मोजला नाही.

"ते मायचं लुगडं हाये न?"

"हाव," मी म्हणालो, आणि पेटी, दोन गाठोडी, सकाळचा बेत, सगळं सांगून टाकलं.

ती तडक धुऱ्यानं बोरीकडे गेली. माझ्या गाठी सोडवताना तिची बोटं लाल झाली. लुगडं दवानं ओलं होतं, बोरीच्या काट्यानं बोटभर फाटलंही होतं.  

मग ती म्हणाली, "इथं खिंड पडली. रोही घुसतीन. काढा सदरा."

"अगं, थंडी..."

"सेटर बी काढा. लुगडं नऊवारी होतं."

एका काठीला सदरा, दुसरीला स्वेटर बांधून मी बनियनवर घरी निघालो. ती पुढे, लुगडं छातीशी धरून. दात वाजत होते तरी मी म्हणालो, "धुऊन देतो मी. मेहकरले नेऊन रफू करून आणतो."

"धुवाले हात तं लावून पाहा!" ती थांबली. तिनं लुगडं नाकाशी नेलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं. "पेटीत होतं तवा निस्ता डांबरगोळ्याचा वास ये. मी कितीकदा हुंगलं, माय नाई सापडली. ती लोकाच्या वावरातून हरभरा खुडून ये, तवा तिच्या लुगड्याले असाच आंबट वास ये."

हरभऱ्यावरच्या दवाला आंब असते, हे इकडे सगळ्यांना माहीत आहे. मला तेवढंच माहीत होतं.

"घ्या, तुमी बी पाहा," म्हणून तिनं पदर पुढे केला. मी वास घेतला. सासूबाई आमच्या दारात आल्या की चप्पल काढायच्या आधी पदराची गाठ सोडून माझ्यापुढे हरभऱ्याची ओली भाजी ओतायच्या, तोच तो वास. मी नुसता "हाव" म्हणालो.