बनाबाईनं पढवलेला नवरा

तर अशी ती बनाबाई येडूला घेऊन सांगोल्याहून सोलापूरच्या एसटीत बसली. काल जे नव्हते त्यांच्यासाठी सांगतो, बनाबाई म्हणजे आमच्या तालुक्यात लग्नं जमवणारी बाई, आणि येडू म्हणजे तिशी उलटली तरी बिनलग्नाचा मेंढपाळ. मेंढरांच्या एका व्यापाऱ्याचा खून झाला होता. आदल्या बाजारात येडूचं त्याच्याशी कडाक्याचं भांडण झालेलं, म्हणून पोलिसांचा संशय येडूवर. खुनाच्या दिवशी तो माळशिरसकडं चारणीला होता, पण साक्षीला नुसती मेंढरं.

मग पोलिसांनी असा डाव रचला, की त्यावरून सांगोल्यात चहाच्या गाड्यावर अजून भांडणं होतात. सोलापुरात भवानी पेठेत भाड्यानं खोली घेतली, पूनम नावाच्या महिला पोलिसाला नवरी केलं आणि शिवलिंगप्पा फौजदार तिचे मामा झाले. पोरगा पोरीपुढं फुशारकी मारेल, तीच कबुली. बनाबाईला सगळं सांगितलेलं होतं. येडू निर्दोष असला तर सरळ नाही म्हणेल आणि सुटेल, असं तिच्या मनात.

पण बाईचा उभा जन्म पोरं उजवण्यात गेलेला. गाडी सुटली नि तोंड आपोआप चालू झालं. "हे बघ येड्या, आजकाल मेंढक्याला कोण पोरगी देत न्हाय. मामा काय बी इचारू दे, व्हय म्हणायचं. अडलास तर माझ्याकडं बघ."

खोलीत नवी टोपी घातलेले मामा, दाराशी त्यांचे तपकिरी पोलिसी बूट. येडूचं सगळं लक्ष पूनमकडं.

"बोअर आहे का?" मामांनी विचारलं.

"व्हय."

"पाणी?"

"व्हय, लई."

दुष्काळी सांगोल्याचा माणूस असं बोलला, तिथंच फौजदारांनी ओळखायला हवं होतं.

पूनमनं पदर सावरला. "मला भित्रा नवरा नको. त्या व्यापाऱ्याला तुम्हीच संपवलं म्हणतात. खरं का?"

येडूनं बनाबाईकडं पाहिलं. बनाबाईची मान सवयीनं हलली.

"व्हय," येडू लाजत म्हणाला.

पडद्यामागून दोन शिपाई आले नि बेड्या पडल्या. बनाबाईला आता कळलं, आपल्या मानेपायी पोरगं फासावर चाललं की. ती शिपायांना आडवी आली.

"येड्या, सोलापूरचा किल्ला कुणी बांधला रं? तूच न्हवं?"

"व्हय," येडू बेड्यांसकट म्हणाला. शहरात बघण्याच्या कार्यक्रमाला बेड्या घालायची रीत असेल, अशी त्याची समजूत.

"आन् चंद्रावर कोण गेलतं?"

"मीच की."

पूनम तोंडात पदर कोंबून आतल्या खोलीत पळाली. फौजदारांनी टोपी काढून घाम पुसला. "मावशी, पढवून आणलंत होय याला? उद्या हे कोर्टात सांगाल? गावभर होईल. मग तुमच्याकडं लग्नं जमवायला कोण येणार?"

बनाबाई म्हणाली, "सांगीन की. तुमी खोटी नवरी दावली, मी पढवल्याला नवरा आणला, दोन्ही सांगीन. जजसाहेब आपल्या दोगांचं काय करायचं ते करू देत. ह्येच्या बेड्या तेवढ्या काढा, मेंढरं सकाळधरनं कोंडल्याली हायती."