भावजींचं मेडिकल

देवळाली प्रवरातल्या आमच्या घराखालीच माझ्या चुलतदिरांचं मेडिकल आहे. मला लघवीला जळजळ झाली की डॉक्टर कशाला, भावजी होतेच. पाकिटातून कात्रीने दोन गोळ्या कापून द्यायचे. "वैनी, बरं वाटलं की बंद करा. लई औषध चांगलं न्हाई." मी तसंच करायचे. बरं वाटायचं, आणि थोड्या दिवसांनी पुन्हा जळजळ.

मी गरोदर असताना, सातव्या महिन्यात मात्र गोळ्यांनी काहीच फरक पडला नाही. हुडहुडी भरून ताप आला, पाठीत कळा सुरू झाल्या. श्रीरामपूरला दवाखान्यात लघवी तपासली. जंतू मूत्रपिंडापर्यंत पोचले होते आणि नेहमीच्या औषधांना दाद देत नव्हते. "अर्धवट गोळ्यांनी पोसलेत हे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. शिरेतून औषध चालू झालं, पण मुलगी वेळेआधीच झाली. ती काचेच्या पेटीत होती तेव्हा माझ्या डोक्यात एकच होतं, या माणसाला सोडायचं नाही.

मुलगी वाचली. घरी आल्यावर तिला मांडीवर घेऊन मी संध्याकाळी मेडिकलच्या बाकावर बसू लागले. कुणी सुट्ट्या गोळ्या मागितल्या की मोठ्याने विचारायचे, "डॉक्टरची चिठ्ठी हाय का?" आणि पोरीची काडीसारखी मनगटं दाखवायचे. गिऱ्हाईक चुळबुळ करत निघून जायचं. भावजी दातओठ खायचे, पण लेकुरवाळीला उठवणार कसे? त्या दिवसांत मला जेवण गोड लागायचं.

पुढे त्यांची बायको, माझी धाकटी जाऊ, गरोदर राहिली. एक दिवस ती गुपचूप वर आली आणि मूठ उघडली. आत दोन गोळ्या.

"ताई, मलाबी जळतंय. ह्यांनी दिल्यात. घेऊ का?"

क्षणभर वाटलं, घे म्हणावं. कळू दे त्यांनाही. मग तिच्या पोटाकडे लक्ष गेलं. मुलीला कडेवर घेऊन, जावेचा हात धरून मी खाली उतरले आणि भर गिऱ्हाइकांत त्या गोळ्या काउंटरवर ठेवायला लावल्या.

"भावजी, हिला श्रीरामपूरला तपासायला नेते. तुमचं औषध तुम्हीच ठेवा."

भावजींनी शटर ओढलं आणि आमच्यामागे स्टँडवर धावत आले. एसटीत ते माझ्या मुलीच्या मनगटांकडे बघत होते.

"वैनी, हिला न् बाळाला काय होनार न्हाई ना?"

वेळेत निघालो होतो, बहुतेक काही होणार नव्हतं. हे मला ठाऊक होतं. श्रीरामपूर येईपर्यंत मी ते त्यांना सांगितलं नाही.