थंडीतल्या चार बिया

काकडीचं बी आज भिजत घातलं आणि त्या ओलसर वासाने मला पाम गावातल्या आमच्या वाडीतली एक जुनी सकाळ आठवली. बाबा खूप आजारी होते, ओट्यावर गोधडीत बसलेले. आई अनवाणी वाफ्यात उभी राहून मातीचा गारवा बघत होती.

"पेरून टाक ना आज," बाबा म्हणाले.

"माती गार हाय अजून, बी कुजंल. थंडी जाऊ दे."

"मग मला कोंब दिसायचा नाय."

बियांची ओली पुरचुंडी आईने उबेसाठी पुन्हा कमरेला खोचली.

थंडी गेली तेव्हा बाबा नव्हते. काकडी मात्र त्या वर्षी भरभरून आली.

आता वाडी मी बघते. दरवर्षी चार बिया भर थंडीतच टोचते. त्या कुजणार, हे आईला ठाऊक असतं. ती ओट्यावरून बघत राहते, पण थांब म्हणत नाही.