मशीन सांगलीत, घोडी खंडाळ्यात

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींतली नाही. अम्मी दृष्ट काढायला मिरच्या घेऊन उठली की मी आधी खिडक्या उघडते... ठसका लागतो म्हणून. या ग्रुपवरचे अनुभवही मी आजवर हसायलाच वाचत आले, राग मानू नका. मी फिजिओथेरपिस्ट आहे. माधवनगरला छोटं क्लिनिक आहे आणि सांगलीतले बरेचसे खेळाडू आपले पाय, पाठ, खांदे घेऊन माझ्याकडेच येतात.

त्यातलीच मनीषा. लांब पल्ल्याची धावपटू, माण तालुक्यातल्या धनगराची पोर. पावसाळा सोडला तर तिचे आईवडील मेंढरं घेऊन फिरतीवर असतात. गेल्या हिवाळ्यात त्यांचा तळ सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्याजवळ पडला होता. ही इथे खोली घेऊन कोचच्या हाताखाली तयारी करत होती. वय पुढे सरकत चाललेलं... राष्ट्रीय कॅम्पची निवड चाचणी ही तिची शेवटची संधी होती. पळण्यात ती कुठेच कमी नव्हती. अडचण एकच, थकवा उतरायचा नाही. आज जीव तोडून पळाली की उद्या पाय शिशाचे. आणि चाचणीत तर एक दिवसाआड दोन शर्यती होत्या, आधी पाच हजार मीटर आणि मग दहा हजार.

म्हणून कोचने ते मशीन आणलं. डोक्याला एक पट्टा, त्यात मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज, आणि त्यातून मेंदूला अगदी हलका करंट. मुंग्या आल्यासारखं वाटतं, बस. मोठमोठे खेळाडू वापरतात, शीण लवकर उतरतो म्हणे. ‘म्हणे’ मुद्दाम लिहिलंय, कारण मी जे वाचलं होतं ते सगळं अर्धंकच्चंच होतं. म्हटलं, लावून तर बघू.

पहिल्याच आठवड्यात मी चाट पडले! लंगडत आलेली पोर पट्टा काढला की उड्या मारत जिना उतरायची. तरीही मी मनाची समजूत घातली — श्रद्धेचा गुण, दुसरं काय.

मग एका संध्याकाळी, पट्टा डोक्याला असतानाच, तिच्या वडिलांचा फोन आला. त्यांना आम्ही सगळे आप्पाच म्हणतो. फोन स्पीकरवर होता.

“पोरी, पाखरी आजबी बसली बघ.”

पाखरी म्हणजे त्यांची घोडी. फिरतीवर सगळं बिऱ्हाड तिच्याच पाठीवर. ती शिंगरू होती तेव्हापासून मनीषा तिच्या बरोबरीने पळायची. कोच भेटायच्या आधी तिची कोच हीच.

“बसली तर बसू द्या की आप्पा, म्हातारी झाली आता,” मी म्हणाले.

“आवं डॉक्टरीणबाई, घोडं असं बसत न्हाई. आज दिसभर एका जाग्याला चरतीया, कुटं हलली न्हाई, आन् आता घामानं निथळतीया. दहा कोस पळून आल्यागत!”

जनावरांचे डॉक्टर येऊन गेले. ताप नाही, पोट ठीक. पण ज्या दिवशी इकडे मशीन लागे त्या दिवशी तिकडे पाखरी बसे, आणि हे मनीषाच्या लक्षात आलं.

“मॅडम, माझा शीण तिला लागतोय.”

“वेडी का गं तू? कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ!” मी चांगलीच झापली तिला.

तिच्या डोक्यातलं खूळ जावं म्हणून मीच एक शक्कल काढली. या मशीनला एक खोटा मोड असतो. सुरुवातीला मुंग्या येतात, मग करंट आपोआप बंद होतो. खेळाडूला फरक कळत नाही. एरवी आम्ही मशीन संध्याकाळी लावायचो. त्या दिवशी ती सकाळचा सराव करून आली तशीच मी तिला बसवली, आणि आप्पांना व्हिडिओ कॉल केला. “मोबाईल घोडीकडे धरा,” एवढंच सांगितलं. आधी खोटा मोड. मनीषा म्हणाली, मुंग्या आल्या. तिकडे पाखरी मजेत कडबा चघळत उभी. मी मनातल्या मनात हसले. मग कुणालाही न सांगता खरा करंट सुरू केला.

पाखरीचं तोंड चघळता चघळता थांबलं. पुढचे पाय थरथरायला लागले. नाकपुड्या फुगल्या, आणि ती गुडघ्यांत मोडून खाली बसली... आप्पा ओरडत होते, “पाखरे! ए पाखरे!”

मी बटण कसं बंद केलं मला आठवत नाही. माणूस मनाने आजारी पडतो, कबूल. पण घोडीला कोण सांगणार होतं हो? मी कुठला मोड लावलाय हे तर मनीषालाही ठाऊक नव्हतं!

मनीषाने पट्टा ओढून काढला. “मला न्हाई पायजे, मॅडम. तिच्या जिवावर न्हाई.” त्यानंतर तिने मशीनला हात लावला नाही.

चाचणी साताऱ्याला होती. मी सोबत गेले होते, आणि कोचच्या सांगण्यावरून मशीनही बॅगेत होतं. पाच हजारला ती कशीबशी चौथी आली. सगळं दहा हजारवर आलं, आणि पाय तर पुन्हा शिशाचे. त्याच संध्याकाळी आप्पांचा फोन. “पाखरी गेली गं पोरी. सकाळीच. आता लाव ती मशीन. आता कुणाला लागायचं न्हाई.”

ती किती रडली ते लिहीत नाही. मग तिने स्वतःच पट्टा माझ्यापुढे धरला. मी स्पंज भिजवले आणि लावला. दहा हजारला पोर अशी पळाली की दुसरी आलेली अर्धा ट्रॅक मागे होती. निवड झाली!

आम्ही तिथूनच खंडाळ्याला गेलो. तळावर पोचलो आणि मी जागच्या जागी थिजले... मेंढरांच्या पलीकडे पाखरी उभी होती. जिवंत! मनीषा तिच्या गळ्यातच पडली.

“म्या खोटं बोललो,” आप्पा मला बाजूला घेऊन म्हणाले. “पोरीचा चानस जात व्हता. म्हटलं, पाखरी तिचीच हाय, एकडाव आणिक सोसंल. दोन घोंगडी घिऊन तिच्याजवळ बसून ऱ्हायलो. पर बाई... ती बसलीच न्हाई. निवांत उभी व्हती.”

मशीन तर मी खऱ्या मोडवर लावलं होतं. मनीषाचा थकवा उतरला होता, माझ्या डोळ्यांनी बघितला. मग तो गेला कुणाकडे? तळावरच्या एकेकाला विचारलं, घरी अम्मीला फोन केला, कोचला केला. सगळे ठणठणीत.

हसा आता मला खुशाल. मनीषा सध्या कॅम्पला आहे. तिथे सगळ्याच मुलींना हे मशीन रोज लावणार आहेत, तिचा परवा फोन आला होता. बोलता बोलता तिने हळूच विचारलं, “मॅडम, पाखरीला न्हाई, तर मग आता कुणाला लागत आसंल वं?”

‘कुणालाच नाही गं,’ एवढंच म्हणायचं होतं मला. इतकी वर्षं शिकलेय, पण ते तोंडातून बाहेर पडलं नाही.