आफ्रिकावाल्या चांगोची हाक

वाडीत चांगोला कोणी नुसतं चांगो म्हणत नसे. 'आफ्रिकावाला चांगो' म्हणत. खालापूरच्या वरच्या अंगाला, डोंगराला चिकटून ठाकरांची ती वाडी. तिथली माणसं कर्जतच्या बाजारापलीकडे फारशी गेली नव्हती, आणि हा पठ्ठ्या आगबोटीत बसून समुद्र ओलांडून आला! तोही शिकारीला. मग काय विचारता! लग्न असो नाहीतर मयत, माणसं जमली की कोणीतरी म्हणायचंच, "चांगो, त्या लांब मानेच्या हरणाचं सांग रं." आणि चांगो सांगायचा. ताडाला चार पाय फुटले तर कसं दिसेल, तसा जिराफ सांगायचा. अंगभर पट्टे ओढलेलं गाढव सांगायचा. एका जनावराचं नाव निघालं की मात्र त्याला हटकून खोकला यायचा. ते जनावर म्हणजे बोंगो.

बोंगोची गोष्ट कळायची तर आधी चांगोची हाक कळायला हवी.

चांगो रानात पानावर हाक द्यायचा. कुड्याचं कोवळं पान दुमडून ओठांत धरायचं आणि भेकराच्या पाडसासारखं रडायचं. अशी हाक देणारे वाडीत आणखीही होते, पण त्यांचं रडणं म्हणजे मांजराच्या शेपटीवर पडलेला पाय. चांगोनं पान ओठाला लावलं की चुलीपुढच्या बायकासुद्धा मान वळवायच्या. हाक ऐकून भेकर जवळ येतं. कधी नर येतो, कधी मादी. आणि इथं एक कायदा होता, बापजाद्यांपासूनचा. आलेली मादी कास भरलेली दिसली, म्हणजे मागं कुठंतरी तिचं दूधपितं पाडस आहे हे कळलं, की हाक देणाऱ्यानं पान थुंकून टाकायचं आणि मोठ्यानं म्हणायचं, "जा बाय, तुझं तान्हं निजलंय." माणसाचा आवाज ऐकला की ती उडी मारून पसार. मग वाडी उपाशी झोपली तरी बेहत्तर!

हा कायदा जो मोडेल त्याच्या मांडीवर वाडी तान्हं पोर देत नसे. दिलं तर पोराच्या आईचं दूध आटतं म्हणायचे. तसा त्यावर उतारा होता, नाही असं नाही. चारचौघांत कबूल करायचं, वाघदेवापुढं कोंबडं द्यायचं, वर्षभर पानाला ओठ लावायचा नाही. धाकलू भगतानं एकदोघांना असं सोडवलंही होतं. पण कबूल करायला तोंड उघडावं लागतं, तिथंच तर घोडं पेंड खातं.

रतनशेट म्हणजे खोपोलीतला खिळ्यांच्या कारखान्याचा मालक. घाटाच्या पायथ्याला त्याचा बंगला होता. माणूस वाईट नव्हता, पण शिकारीचं वेड असं की घरच्या जेवणात मीठ नसलं तरी कळायचं नाही, बंदुकीवर धूळ बसली तर जेवण जायचं नाही. डोंगरात शिकारीला निघाला की चांगो पुढं, शेट मागं. एकसष्ट साली शेटच्या साडूनं नैरोबीहून बोलावणं धाडलं, "या, इकडची जनावरं बघा." शेट म्हणाला, मी येतो, पण माझा माणूस बरोबर घेऊन येतो. झालं! चांगोला बूट आले, लोकरीचा कोट आला, आणि त्याची बायको ठकी आठवडाभर रडली.

तिथं एक गोरा शिकारी होता, रान दाखवायला तिथले वाटाडे होते. चांगोचं काम म्हणजे मारलेलं जनावर सोलायचं आणि शेटची बंदूक सांभाळायची. शेटला हत्तीबित्ती नको होता, सिंहसुद्धा नको. "ते सगळेच मारतात रे," म्हणायचा. त्याला हवी होती अशी जनावरं, की भिंतीवर डोकं बघून पाहुण्यानं विचारावं, हे काय आहे? जिराफासारख्या मानेचं हरीण मिळालं, सुयांसारख्या शिंगांचं मिळालं. राहिला तो बोंगो. नाव ऐकून चांगोला हसू फुटलं. चांगो आणि बोंगो, आपल्याच भावकीतला कोणी दिसतोय! जनावर मात्र राजबिंडं. विटेसारखं तांबडं, अंगावर पांढऱ्या रेघा, पीळदार शिंगं. राहतं उंच डोंगरात, बांबूच्या दाट रानात, आणि दिसत नाही म्हणजे नाही.

धुकं, गारठा आणि चिखल. रोज पहाटे निघायचं, रोज तोंड पाडून परतायचं. परवान्याची मुदत संपत आली तसा शेट चिडचिडा झाला. एका सकाळी तो चांगोवरच घसरला. "उगाच आणला तुला एवढ्या लांब. डोंगरातला राजा म्हणे! इथं काय उजेड पाडलास?" ते चांगोला झोंबलं. गोऱ्यासमोर, त्या वाटाड्यांसमोर झोंबलं. त्यानं झुडपांची पानं तोडून तोडून ओठाला लावून बघितली. एक पान बोललं. "शेट, गप बसा आता," म्हणाला आणि बांबूच्या आडोशाला बसून त्यानं हाक दिली.

चांगोनं पुढं कितीदा तरी स्वतःशी म्हटलं, ती आली नसती तर काय बिघडलं असतं? पण ती आली. बांबू मोडत, आडवंतिडवं बघत, धावत आली आणि उघड्यावर उभी राहिली. कान पुढं टवकारलेले. चांगोला कास दिसली. भरलेली, ताठ. पान त्याच्या ओठांतच होतं. थुंकायला काय लागतं? पण मागं शेटचा श्वास ऐकू येत होता, आणि चांगोच्या छातीत एक हरामखोर आनंद नाचत होता, बघा, आली का नाही माझ्या हाकेवर! तो गप्प बसला. नुसता गप्प बसला नाही, तर ती मागं वळायला लागली तेव्हा त्यानं आणखी एकदा हाक दिली.

मग बार झाला.

गोरा शिकारी जवळ गेला आणि त्याचं तोंड आंबट झालं, मादी होती. पण बोंगोच्या मादीलाही शिंगं असतात, आणि भिंतीवर शिंगंच टांगायची असतात. शेटनं चांगोला मिठी मारली. सोलायला चांगोच बसला. सुरी लावली तसं दूध त्याच्या हातांवरून कोपरापर्यंत ओघळलं. त्यानं ते गवताला पुसलं. लांब कुठंतरी बांबूत काही हललं का, हे त्यानं मान वर करून बघितलंच नाही.

परत आला तेव्हा वाडी ढोल घेऊन रस्त्यापर्यंत आली होती. माणसांनी खांद्यावर घेतलं. धाकलू भगतानं विचारलं, "त्यो मोठा शिंगवाला नर व्हता का रं?" चांगो खांद्यावरून म्हणाला, "नर." एवढाच शब्द. खाली उतरल्यावर सांगू, उद्या सांगू, वाघदेवाच्या सणाला सांगू, असं करता करता वर्षं गेली. खोटं बोलणं सोपं असतं हो, ते मागं घेणं म्हणजे गिळलेला काटा काढणं.

त्याची लेक सोमी तेव्हा परकरात होती. बापाचा तिला भारी तोरा. "तुझा बा थापा मारतो," असं एक पोरगी म्हणाली तर सोमीनं तिच्या झिंज्या धरून तिला ओढ्यात बसवली. "माझा बा खोटं बोलत नाय!" चांगोनं हे आपल्या कानांनी ऐकलं आणि त्या दिवशी त्याला भाकर गेली नाही.

बहात्तर साली शिकारीवर बंदी आली. शेटच्या बंदुका कपाटात गेल्या आणि उरल्या त्या गोष्टी. मुंबईचे पाहुणे आले की शेट चांगोला बोलावणं धाडायचा. दिवाणखान्यात, बोंगोच्या डोक्याखाली, चांगोनं बागेतलं पान तोडून हाक द्यायची. पाहुणे टाळ्या वाजवायचे. चांगो वर बघायचा नाही. त्या काचेच्या डोळ्यांकडं म्हणे कुठूनही बघा, ते आपल्याकडंच बघतात.

मग सोमीचं लग्न झालं, वाडीतच दिली होती, आणि तिला पहिला मुलगा झाला. पाचवीला बायकांनी पोर आणून चांगोच्या मांडीवर ठेवलं. तो मागं सरकला. "घे की रं आज्या, लाजतोस काय?" सगळे हसले. त्यानं घेतलं. एवढासा ऊबदार जीव मांडीवर, आणि चांगोला दरदरून घाम. त्यानंतर तो रोज लेकीला विचारायचा, "सोमे, दूध येतंय ना गं?" सोमी लाजून म्हणायची, "बा, तुला काय चौकशा? येतंय भरपूर." तिला वाटायचं, म्हातारा पोरापायी खुळावलाय.

सोमी त्याच बंगल्यावर भांड्याला जायची. दुपारच्या आत काम उरकून घरी यायची, म्हणून चांगोला तिची धास्ती नव्हती. पण एकदा पाहुणे जास्त आले, भांडी साचली, आणि ती मागच्या पडवीत पोराला गोधडीवर निजवून मोरीवर बसली. इकडं पुढच्या दारानं चांगो आला. लेक मागं आहे, हे त्याला कोण सांगणार? शेट म्हणाला, "चांगो, होऊन जाऊ दे." चांगोनं जास्वंदीचं पान दुमडलं आणि हाक दिली.

मधलं दार धाडकन उघडलं. सोमी धावत आली. हात कोपरापर्यंत राखेनं भरलेले, पदर सुटलेला, चोळी दुधानं भिजलेली. "पोर! माझं पोर कुठं रडतंय?" आणि दिवाणखान्याच्या मध्यावर ती आडवंतिडवं बघत थांबली.

पाहुणे हसून हसून लोटपोट. शेटनं तर मांडीवर थाप मारली. "बघा, बघा! अगदी अशीच आली होती ती बोंगो! पिलाला शोधत, अशीच धावत! चांगो, आहे का नाही रे?"

सोमीनं बापाच्या ओठांतलं पान बघितलं. मग भिंतीवर बघितलं. चांगोला वाटलं, धरणी दुभंगावी आणि आपण त्यात जावं. पण बंगल्याची फरशी, ती कशाला दुभंगतेय! सोमीनं पदर सावरला आणि आल्या दारानं निघून गेली.

वाडीच्या वाटेवर ती पोराला कडेवर घेऊन पुढं चालली होती. चांगो मागं. ओढ्यापाशी ती थांबली.

"बा, ती मादी व्हती?"

"व्हय."

"दुधावरची?"

चांगोनं होकाराची मान हलवली.

"पान थुकलंस?"

"नाय गं," चांगो म्हणाला. "वर आनखी एकदा हाक दिली."

सोमी पोराला मांडीवर घेऊन खाली बसली. रडेल वाटलं, रडली नाही. चांगो म्हणाला, "आजच सांगतो धाकलूबाला. कोंबडं देतो. चारचौघांत नाक घासतो."

"आता?" सोमी फिसकारली. "आता सांगशील तर वाडी काय म्हनंल? ह्याला पाचवीला तुझ्या मांडीवर ठेवला व्हता. उद्या ह्याला नुसता ताप आला तरी बोट तुझ्याकडं. मला लोक रोज इचारतील, दूध हाय का, आटलं का! तवाच का नाय सांगितलंस रं, बा? मी तुझ्यासाठी पोरींच्या झिंज्या उपटल्या." तिनं पोराला पदराखाली घेतलं आणि बापाकडं पाठ करून पाजलं. चांगो ओढ्याकडं तोंड करून उभा राहिला.

सांजवेळी वाडीतल्या बायका अंगणात टेकल्या होत्या. शेजारच्या सोनुबाईनं सोमीच्या हातातून पोर घेतलं, खेळवलं, आणि नेहमीसारखं चांगोच्या पुढं धरलं. "घे रं, तुझा आफ्रिकावाला!"

चांगोचे हात उचलले गेले, आणि तसेच राहिले. त्यानं लेकीकडं बघितलं.

सोमीनं मधल्यामध्ये पोर काढून घेतलं. "नको गं म्हातारे," ती हसत म्हणाली, अगदी सहज. "बाचं गुडघं लय दुखत्यात. मांडी घालवत नाय त्याला."

जन्मात खोटं न बोललेली पोर ती. बोलताना तिनं बापाकडं बघितलंसुद्धा नाही.

"अरं द्येवा! मग सांगायचं नाय व्हय?" सोनुबाई लगबगीनं घरात गेली, करंजाचं तेल कोमट करून आणलं आणि चांगोच्या पुढ्यात बसून त्याचे धडधाकट गुडघे चोळायला लागली. चांगोनं खाली मान घातली आणि चोळून घेतले.