जुळ्यांच्या आईचा पाय

दोब्रिनाला जुळं झालं, त्या दिवसापासून तिचा डावा पाय तिचा एकटीचा राहिला नाही. तो द्रेनोव दोल गावाचा झाला. कुणाच्या कमरेत उसण भरली, की तो माणूस भिंत धरत धरत तिच्या दारी यायचा, उंबऱ्यावर आडवा पालथा पडायचा, आणि दोब्रिना अनवाणी टाचेनं त्याची कंबर तीनदा तुडवायची. आपल्याकडे पायाळूची लाथ लागते, गुलाबाच्या या खोऱ्यात जुळ्यांच्या आईची टाच. पैसे घ्यायचे नाहीत. अंडी, पांढऱ्या चीजचा तुकडा, एखादा टॉवेल चालतो. आभार मानायचे नाहीत. मानले तर गुण येत नाही. त्यामुळे बरा झालेला माणूस गुडघे झटकायचा आणि अवाक्षर न काढता चालता व्हायचा.

ती काही भाबडी बाई नव्हती. शाळा पुरी केलेली, गुलाबाचं तेल काढायच्या भट्टीवर वीस वर्षं वाफेच्या दाबाच्या काट्यावर नजर ठेवणारी. उसण भरलेल्यांपैकी निम्मे चार दिवसांत आपोआपच बरे होतात, हे तिला चांगलं ठाऊक होतं. पण वाकून आलेला माणूस आपल्या पायाखालून सरळ होऊन जातो, हे कुणाला आवडत नाही?

जुळ्यात नेवेना आधी आली, लाझार वीस मिनिटांनी. नवरा पेन्को तेव्हापासून म्हणायचा, की हा पोरगा पोटातूनच उशिरा निघाला. तेव्हा ती नुसती थट्टा होती.

सत्त्याण्णव सालच्या शरदात लाझार सक्तीची लष्करी नोकरी संपवून घरी आला. वय वीस. कमरेच्या खाली, पाठीच्या दोन बाजूंना खळ्या पडतात ना, तिथे त्याला दुखत होतं. त्यानं अंगठा टेकवून जागा दाखवली. सगळ्यांनी एका दमात निदान केलं: ओल्या जमिनीवर झोपला, थंडी भरली. गावच्या डॉक्टरनं किडनीत वाळू आहे म्हणून मक्याच्या केसांचा काढा पाजला. पुढच्या वर्षी दुसऱ्या डॉक्टरनं मणक्यातली गादी सरकली म्हणून दहा इंजेक्शनं दिली. आणि घरात जुळ्यांची आई असताना आणखी काय हवं होतं? दोब्रिनानं पोराला उंबऱ्यावर पालथा घातला.

आता खरी गोष्ट गुलाबाची आहे. गुलाब ऊन चढायच्या आत तोडावा लागतो. ऊन लागलं की तेल उडून जातं आणि हातात नुसता पाला राहतो. मे महिन्यात तीन आठवडे अख्खं खोरं पहाटे पाचला कमरेला पिशव्या बांधून वाफ्यांत उभं असतं आणि दहाला काम आटपून घरी येतं. लाझार पाचला उठू शकत नसे. फळीसारखा पडून राही. कुशीवर वळायचं तर पलंगाची दांडी धरावी लागे, मोजे चढवायला अर्धा तास. मग हळूहळू, तुडवून झाल्यावर, अंगणात दहा फेऱ्या मारल्यावर, पाठ सुटायला लागे. दहाला तो सरळ. दुपारी लाकडं फोडी. संध्याकाळी कुणाच्या नामदिवसाला, म्हणजे त्याच्या नावाच्या संताच्या सणाला, नाचाच्या साखळीत पहिला.

दहाला काम संपतं आणि दहाला लाझार बरा होतो. गाव आंधळं नव्हतं. गावानं त्याचं नाव दहावाज्या ठेवलं.

त्यात ते दुखणंही धड एका जागी राहीना. महिनाभर उजव्या कुल्ल्यात, मग डाव्यात. पेन्को जेवताना सगळ्यांदेखत म्हणायचा, की माझं दुखणं तीस वर्षं एकाच गुडघ्यात आहे, याचं बघा, पाहुण्यासारखं आज या खोलीत, उद्या त्या खोलीत. लाझार मान खाली घालून घेवड्याचं सूप पीत राही. तिसऱ्या वर्षी, तोडणीच्या ऐन भरात, पेन्कोनं पहाटे विहिरीच्या पाण्याची बादली त्याच्या अंथरुणात ओतली. लाझार ओरडला नाही. ओल्या गादीवर तसाच, पलंगाची दांडी धरून, इंच इंच वळत राहिला. दोब्रिना दारात उभी होती. तिनं नवऱ्याच्या हातातली बादली काढून घेतली, पण तोंड उघडलं नाही. तिलाही वाटत होतं, थोडं तरी ढोंग असेल.

ढोंग असेल असं वाटणं आणि रोज त्याला तुडवणं, दोन्ही एकाच बाईनं केलं. नऊ वर्षं.

आणि गुण येत होता, हे सगळ्यात वाईट. सकाळी ती पाठ तुडवायची, तासाभरात पोरगा मोकळा व्हायचा. कुणाला शंका यावी? हालचालीनं आणि उन्हानं जे सुटत होतं, त्याचं श्रेय टाच घेत होती. उलट शेजारपाजारी म्हणायचे, दोब्रिनामावशीचा पाय नसता तर हा अंथरुणालाच खिळला असता. पोरांना घेऊन बाया दुरून येऊ लागल्या. एकदा तर शेजारच्या जिल्ह्यातला गाड्यांचा मेकॅनिक आला, जाताना फळांच्या दारूचं, राकियाचं, अख्खं पिंप ठेवून गेला.

लाझारचं लग्न ठरता ठरता मोडलं. मुलीच्या आईनं स्पष्ट विचारलं, की तुमचा मुलगा सकाळी किती वाजता उठतो. त्यानंतर तो नाचाला जाईनासा झाला. दोब्रिनाला वाटलं, मन मोडलं म्हणून खांदे पाडून चालतो. ती ओरडायची, "ताठ चाल रे, म्हाताऱ्यासारखा काय चालतोस?" तो म्हणायचा, "चालतोय ना."

दोन हजार सहाच्या हिवाळ्यात त्याचा उजवा डोळा लालभडक झाला, उजेड सोसेना. डोळा आहे, त्याला टाच लावता येत नाही; म्हणून नेवेना त्याला प्लोवदिवला घेऊन गेली. ती तिथल्या एका इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला होती. डोळ्यांच्या डॉक्टरनं बुबुळात उजेड पाडून बघितलं, थेंब लिहून दिले, आणि पेन खाली न ठेवताच विचारलं, "सकाळी उठताना कंबर आखडते का?"

 नऊ वर्षांत कंबर बघणाऱ्या एकानंही हा प्रश्न केला नव्हता. तो विचारला डोळेवाल्यानं.

त्यानं त्यांना वरच्या मजल्यावर सांध्यांच्या डॉक्टरीणबाईकडे धाडलं. पुढच्या खेपेला दोब्रिनाही गेली. बाईंचं नाव कराजोवा, कोरड्या आवाजाची, घाईतली. तिनं एक्स-रे खिडकीला लावला. पाठीचा कणा खाली कमरेच्या रुंद हाडाला दोन बाजूंनी जिथे मिळतो, तिथे बारीक काळी फट दिसायला हवी. लाझारच्या एका बाजूला ती पुसट होती, दुसऱ्या बाजूला नव्हतीच. हाडाला हाड चिकटून गेलं होतं. आजार अंगातलाच, रक्तातला. सुरुवात या सांध्यांपासून, मग मणक्यामागून मणका वर चढत जातो, आणि कधीकधी डोळाही लाल करतो. विश्रांतीनं वाढतो, हालचालीनं सुटतो, म्हणून सकाळ वाईट. मग तिनं लाझारला टाचा भिंतीला टेकवून उभं केलं आणि डोकं मागे टेकव म्हणाली. डोकं टेकेना. मध्ये तीन बोटं गेली.

नेवेना त्याला घेऊन रक्त द्यायला खाली गेली. दोब्रिना मुद्दाम मागे राहिली. तिनं पायाची सगळी हकीकत सांगितली, उंबऱ्यासकट. मग विचारलं, "माझ्या पायानं झालं का हे?"

बाई लिहीत होती, ती थांबली. "पायानं हा आजार होत नाही."

दोब्रिनानं पर्स उचलली.

"पण नऊ वर्षं गेली," बाई म्हणाली. "पहिल्या वर्षी आला असता, तर गोळ्या, रोजचा व्यायाम, पोहणं, एवढ्यावर बरंच धरून ठेवता आलं असतं. जे हाड जुळलं ते मी उघडू शकत नाही. आणि आता त्याच्या पाठीवर पाय देऊ नका. ताठरलेला कणा खडूसारखा असतो."

घरी दोब्रिनानं पहिलंच वाक्य तेवढं सांगितलं. दुसरं गिळलं.

पेन्कोनं सगळं ऐकून घेतलं. माफी वगैरे त्याच्या घराण्यातच नव्हती. त्यानंतरच्या शरदात तो एकटाच कुदळ घेऊन गेला आणि गुलाबाच्या निम्म्या रांगा मुळासकट उपटून आला. पुढच्याच वर्षी झोपेत गेला.

लाझारचा दिवस आता वेगळा झाला. चारला गजर. पडल्या पडल्या गुडघे छातीशी, मग मांजरासारखी पाठ वर-खाली, मग दाराच्या चौकटीत हात टेकून छाती पुढे. श्वास भरला की बरगड्या जेमतेम दोन बोटं फुगत. तीन वर्षं गोळ्या झाल्या, पोट बिघडलं; मग कागद, सह्या, समिती असं करत करत पोटात टोचायची सुई मंजूर झाली, दर पंधरवड्याला एक. सुईनं दुखणं उतरलं. वाकलेलं मात्र वाकलेलंच राहिलं. दर रविवारी दोब्रिना त्याला स्वयंपाकघराच्या भिंतीशी उभा करायची आणि डोक्यामागे बोटं घालून बघायची. तीनाची चार झाली होती, सुई मिळेपर्यंत पाच. पाचावर थांबली. पंजा अख्खा जायचा.

अशाच एका रविवारी, पंजा त्याच्या डोक्यामागे असताना, तिनं ते गिळलेलं वाक्य सांगून टाकलं. पहिल्या वर्षी आला असतास तर, असं बाई म्हणाली होती.

"मला माहितेय," लाझार म्हणाला. "मला कळत होतं, तुझ्या पायानं काही होत नाही. चौथ्या वर्षीच कळलं. तू आठवडाभर नेवेनाकडे होतीस, तेव्हाही दहाला सुटायचंच."

"मग बोलला का नाहीस, मेल्या?"

"सगळं गाव तुझ्या दारात यायचं. तुझ्या पोरानंच सांगायचं का, की हिचा पाय लागत नाही म्हणून?"

तिनं हात काढला नाही. काढला असता तर तोंड बघावं लागलं असतं.

गावानं मात्र आपल्यापुरता तोडगा काढला. पाय खोटा कसा असेल? स्वतःच्या रक्तावर चालत नाही, एवढंच. वैद्याचं औषध वैद्याच्या घरी लागतं का कधी? असं ठरवून लोक पुन्हा येऊ लागले. दोब्रिना उंबऱ्यात खुर्ची टाकून बसायची आणि सगळ्यांना परत लावायची. काही रुसले, काहींनी तिला शिष्ट म्हटलं.

दोन वर्षांपूर्वीच्या एप्रिलात खालच्या आळीतली स्तोइमेंका आपल्या देयानला घेऊन आली. पोरगा एकोणीसचा, काठीसारखा सरळ.

"याच्या ढुंगणात कळ येते," स्तोइमेंका म्हणाली. "आज इकडे, उद्या तिकडे. तोडणी तोंडावर आलीय. नाही म्हणू नकोस, दोब्रिना."

दोब्रिनानं पोराला विचारलं, "सकाळी दुखतं की संध्याकाळी?"

"सकाळी."

"चाललास की वाढतं की उतरतं?"

"उतरतं."

 याला उद्याच्या बसनं प्लोवदिवला घेऊन जा, दोब्रिना म्हणाली. बाईचं नाव, मजला, सगळं कागदावर लिहून दिलं. स्तोइमेंकानं कागद वाचला, आणि मग ओसरीत बसलेल्या लाझारकडे बघितलं, त्याच्या जमिनीकडे वळलेल्या मानेकडे. "तुझ्या घरात शाप आहे म्हणून माझ्या घरात नको आणूस," ती म्हणाली आणि पोराला दंडाला धरून घेऊन गेली. पलीकडच्या गावात एका तरुण बाईला नुकतंच जुळं झालं होतं. तिच्या पायाला गुण आहे म्हणत होते.

दोब्रिना तीनदा त्यांच्या घरी गेली. तिसऱ्यांदा दार उघडलंच नाही.

मे उजाडला. तोडणीच्या दुसऱ्या दिवशी दोब्रिनाला स्वयंपाकघरात खुडबुड ऐकू आली. लाझार बूट घालत होता. तीनलाच उठला असणार, सगळा व्यायाम उरकून. दुखणं लागल्यापासून पहिल्यांदा तो तोडणीच्या वेळेला शेतावर निघाला होता. ती शाल ओढून मागोमाग गेली.

दव पडलं होतं. बाया रांगांतून पिशव्या भरत होत्या. कुणीतरी म्हणालं, अरे, दहा वाजले वाटतं. एक-दोघी हसल्या. लाझार थांबला नाही. समोरचा माणूस बघायचा तर त्याला गुडघे वाकवून अख्खं अंग मागे कलवावं लागतं. तसं कलत कलत तो एकेक रांग बघत गेला. देयान एका झुडपाशी एका हातानं कंबर धरून उभा होता. पिशवी अर्धीही भरली नव्हती.

"चल जरा," लाझार म्हणाला, आणि त्याला फुलांच्या वजनकाट्याच्या खोलीच्या भिंतीशी घेऊन गेला. "टाचा टेकव. पाठ टेकव. आता डोकं."

देयानचं डोकं भिंतीला टेकलं, अगदी सहज.

"लागतंय की," तो म्हणाला.

"आज लागतंय." लाझार त्याच्या शेजारी उभा राहिला आणि स्वतःच्या टाचा टेकवल्या. "आता माझ्या डोक्यामागे हात घाल."

देयाननं घातला. हात सगळा आत गेला, मनगटापर्यंत. तो हसत होता, ते हसू राहिलं नाही.

"एकोणीस-विसाव्या वर्षी माझंही लागायचं," लाझार म्हणाला.

वरच्या रांगेतून स्तोइमेंकानं हाक मारली, की ऊन चढतंय, तिकडे काय करतोयस. देयाननं हात काढला. क्षणभर दोब्रिनाकडे बघितलं, मग आईकडे. आणि कंबर धरून, पाय जरा फाकून टाकत, वर गेला.

दोब्रिना म्हणाली, "जाईल का रे तो प्लोवदिवला?"

लाझारनं मान वळवायचा प्रयत्न केला नाही, अख्खाच फिरला. वरच्या रांगेत देयान पुन्हा वाकला होता आणि त्याची आई त्याच्या कमरेवर तळवा घासून देत होती, जोरजोरात, मायेनं.

"घरी चल, आई," तो म्हणाला. "तुझे पाय भिजलेत."