जिन्यावर फुटणारे पुंजके

आमच्या कॉलेजात पाणी ढवळायचं यंत्र तळमजल्यावर आहे आणि सरांची केबिन दुसऱ्या मजल्यावर. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हटलं की मला आधी तो जिना आठवतो.

गढूळ पाण्यात तुरटी टाकून आधी जोरात ढवळायचं, म्हणजे ती सगळीकडे पोचते. मग अगदी सावकाश. मातीचे कण एकमेकांना धरतात, कापसासारखे पुंजके होतात आणि तळाला बसतात. आमचे पुंजके काही केल्या होत नव्हते. सर म्हणाले होते, "शुक्रवारपर्यंत दाखवा, नाहीतर विषय बदला." विषय बदलला असता तर सगळं पहिल्यापासून. मी रोज लासूर स्टेशनवरून ये-जा करायचो. पहिल्यापासून काही करायची ताकद माझ्यात उरली नव्हती.

गुरुवारी दुपारी पुंजके झाले. चांगले टपोरे. मी बीकर दोन्ही हातांत धरून जिना चढू लागलो. मागून माझा पार्टनर. तो इथलाच, शहरातल्या शहागंजातला.

"क्या मियाँ, हळदीचं ताट नेतोय का?"

सरांनी बीकर खिडकीच्या उजेडात धरला. आत नुसता धुरळा.

"कुठे आहेत?"

"सर, खाली होते."

"खाली होते," सर म्हणाले आणि पेपर तपासू लागले.

खाली येऊन पुन्हा सगळं केलं, पुन्हा निघालो. या वेळी पार्टनर बीकरकडेच बघत चालला होता. अर्ध्या जिन्यात त्यानं मला थांबवलं.

"पाणी हिंदकळतंय ना, त्यानं फुटतायत. सरांनाच खाली बोलव."

"आपण कसं बोलवायचं?"

"तोंडानं."

तो हसला, मला हसू आलं नाही. आमच्या घरी मेंढरं राखतात. कागदाचं काम असलं की वडील साहेबाच्या दाराबाहेर उभे राहतात, बोलावलं की आत जातात. साहेबानं आपल्याकडं यावं, असं आमच्या घरात कुणी कधी म्हटल्याचं मला आठवत नाही.

फुटलेल्या पुंजक्यांचं पाणी परत यंत्राखाली ठेवलं, सावकाश फिरवलं. पुंजके आले, पण बारीक, पहिल्यासारखे नाहीत. ते दाखवून भागलं नसतं. शेवटी मी रिकाम्या हातानं वर गेलो.

"सर, वर आणताना ते फुटतात. तुम्ही... खाली याल का?"

सरांनी पेनाला टोपण लावलं. "मग हे पहिल्यांदाच सांगायचं."

ताज्या पाण्यात तुरटी टाकली. ढवळणं मंदावलं, आणि थोड्या वेळानं पांढुरके ठिपके दिसू लागले, मोठे होत गेले. सर वाकून बघत राहिले. मग बाजूच्या बीकरकडे बोट दाखवून म्हणाले, "आणि हे?"

"ते फुटून परत जुळलेले, सर," पार्टनर म्हणाला. "बारीकच राहिले."

"तेही लिहा. विषय हाच ठेवा."

मला आनंद व्हायला हवा होता. पाय तेवढे दुखत होते. मी शेजारच्या स्टुलावर बसलो. सर अजून उभेच आहेत, हे जरा वेळानं लक्षात आलं.